हिरव्या दोऱ्याची गादी

सन एकोणीसशे. तेव्हा मी वीस वर्षांचा. आईच्या हिशेबानं वीस. शाळेत मास्तरांनी एक वर्ष कमी लिहिलं होतं, पण मास्तर काय माझ्या जन्माच्या वेळी दारात उभे नव्हते. शाळा दोन यत्ता झाली. पुढचं जे काय शिकलो ते तालमीच्या तांबड्या मातीत. अक्षर वाकडं आलं तर वाचणाऱ्यानं मान वाकडी करून वाचावं. मजकुरात मात्र वाकडं काही नाही. उभ्या जन्मात मी मोठं असं एकच खोटं बोललो, तेही पाणी मागावं इतकं सहज. माझ्या बरोबरीचे सगळे गेले, ते खोटं अजून हिंडतंय. गेल्या सोमवारी मला ते भरबाजारात भेटलं.

नातसून बरोबर होती. जुन्या गल्लीच्या कोपऱ्यावर आता सायकलींचं दुकान आहे, शेजारी चहाचं हॉटेल. मी उगाच थांबलो. भिंतीला हात लावून बघितला. रंग नवा होता, पण आतली दगडी भिंत जुनीच, हाताला ओळख पटली. तेवढ्यात नातसुनेनं माझी बाही ओढली.

"आजोबा, हितं उभं ऱ्हाऊ नगासा. बारा वाजायला आल्यात."

"मग? बाराला काय तोफ उडती हितं?"

"तसं न्हवं. हितं एक पिंजारी हुता म्हणं. पलेगात मेलेल्या माणसांच्या गाद्या पळवून आणायचा आन त्यातला कापूस लग्नाच्या गाद्यांत भरायचा. त्येची कमान अजून वाजती बाराला. ज्येला ऐकू येती, त्येला ताप भरतोय."

"तुला कुणी सांगितलं?"

"सगळी म्हणत्यात की."

"सगळी म्हंजे कोण?"

"आता सगळी म्हंजे सगळी! नाव घिऊन कसं सांगू?"

मी सायकलवाल्याकडं बघितलं. तो खाली मान घालून चाकाची तार ओढत होता, पण कान आमच्याकडं. चहावाल्यानं किटली उचलली आणि तशीच हातात धरली. हा त्यातला? तो त्यातला? पंचावन्न वर्षं झाली, मी या 'सगळी'च्या पाळतीवर आहे. दर वेळी ती शेजारच्या घरात नुकतीच गेलेली असते.

बाराचा भोंगा झाला. कमान वाजली नाही. मला काय, ती ऐकायला आवडली असती.

त्या पिंजाऱ्याची, आमच्या दस्तगीरमामाची कमान माणसापेक्षा उंच. आढ्याला दोरीनं टांगलेली, तिला आतड्याची ताणलेली तात. डाव्या हातानं कमान कापसाच्या ढिगात बुडवायची आणि उजव्या हातातला लाकडी मुठा तातीवर मारायचा. ट्यँव... ट्यँव... टण्ण. आवाज आधी पोटात शिरायचा, मग कानात. कापूस दचकल्यासारखा उडायचा, वर जायचा, खाली येताना ढग होऊन यायचा. दुकानाला वास होता. सरकीचा, ऊन लागलेल्या जुन्या कापडाचा, आणि मामा गादीत कडुलिंबाची वाळली पानं घालायचा त्यांचा कडवट. मामाच्या भुवया, मिशा, कानावरचे केस सगळं पांढरं. दिवाळीच्या महिन्यात तो म्हातारा दिसायचा आणि पाडवा झाला की पुन्हा तरणा व्हायचा.

दसरा गेला की गल्लीतल्या गाद्या-उशा त्याच्या दारात रचल्या जायच्या. वर्षभर माणसांच्या अंगाखाली दबून कापसाच्या गाठी झालेल्या असायच्या. मामा खोळ उसवायचा, कापूस पिंजायचा, पुन्हा भरायचा. पण ज्या घरचा कापूस त्याच घरच्या गादीत. त्यात फरक नाही. मामाला लिहायला-वाचायला येत नव्हतं, म्हणून खोळीच्या कोपऱ्याला तो प्रत्येक घराची खूण शिवायचा. दही विकणाऱ्या गोदाक्काच्या घराचा तांबडा दोरा, दोन गाठी. तालमीतल्या शिरपाच्या घराचा काळा, एकच गाठ, पण मोठी. आमचा हिरवा, तीन गाठी. त्या सगळ्या गाठी मामाच्या बोटांना पाठ होत्या. डोळे मिटून नुसता कोपरा चाचपायचा आणि घराचं नाव सांगायचा.

"एवढं कशापायी, मामा?" मी एकदा विचारलं होतं. "कापूस त्यो कापूसच की."

"आसं म्हणू नगंस, पैलवान. एका घरचा कापूस दुसऱ्याच्या उशाला गेला, तर ह्या घरची सपनं त्या घरात पडत्यात. सकाळी उठून माणसं भांडत्यात, आन कशावरनं भांडलो ते कळत न्हाई."

म्हणजे गोष्ट त्यानंही केलीच होती. मी काही गोष्टींचा वैरी नाही. पण त्याच्या गोष्टीनं कापूस वेगवेगळा राहायचा. आमच्या गोष्टीनं काय केलं ते पुढं सांगतो.

त्या वर्षी प्लेगची साथ सरली असं म्हणत होते. माळावरच्या झोपड्यांतनं लोक परत गल्लीत आले होते. घरांची कौलं उन्हासाठी काढली होती ती पुन्हा चढवली जात होती. दिवसभर कौलांचा खडखड आवाज आणि चुन्याचा वास. संस्थानच्या महाराजांची माणसं घरोघरी फिरून औषधाचं पाणी शिंपडत होती. त्या वासानं भाकरीसुद्धा कडू लागायची. तरी दिवाळी पंधरा दिवसांवर होती आणि मामाच्या दारात गाद्या यायला लागल्या होत्या. तेव्हा माझ्या बहिणीला ताप आला.

सोना तिचं नाव. मुरगूडला तिचं लग्न ठरलं होतं. रुखवतासाठी मामानं नवी गादी भरून दिली होती, नव्या पांढऱ्या कापसाची, आणि कोपऱ्याला आमचा हिरवा दोरा. "सासरी गेल्यावर त्यांचा दोरा लाव, तवर ह्यो," असं म्हणाला होता. अंग तापल्यावर आईनं सोनाला त्याच गादीवर निजवलं. म्हणाली, पोरीची गादी पोरीनं वापरली तर काय झालं. चार दिवस. त्या चार दिवसांतलं मला फक्त एवढंच आठवतं की तिची वेणी सुटली होती आणि आई ती परत परत घालत होती.

मी ओढ्याकाठच्या मसणवट्यातनं तिला निरोप देऊन परत आलो तर आई परड्यात कडब्याच्या गंजीपाशी बसलेली. एक हात गंजीवर, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. घरात गादी दिसली नव्हती. मला कळलं.

तासाभरात प्लेगच्या कामावरचा कारकून आला. मेलेल्याचं अंथरूण जाळायचा हुकूम होता. घोंगडं जाळलं, वाकळ जाळली.

"पोरगी गादीवर होती असं शेजारी सांगतात. गादी कुठं आहे?"

आई माझ्याकडं बघत नव्हती. गंजीकडंही बघत नव्हती. कुठंच बघत नव्हती. त्या दिवसांत कुणाचीही गादी एकाच ठिकाणी असायची, म्हणून माझ्या तोंडात तेच आलं.

"पिंजाऱ्याकडं दिलीया."

एवढंच. याला खोटं म्हणायचं म्हणजे तरी केवढं? कारकून सरळ समोर मामाच्या दुकानात गेला. मी मागं धावलो, पण उंबऱ्यावर पाय अडकल्यासारखा झाला. मामानं कारकुनाचं ऐकलं. मग त्याच्या खांद्यावरनं माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही, तात एकदा वाजून थांबावी तेवढाच.

"व्हय साहेब. आलती. पोरगी गेल्याचं कळलं तशी मागच्या दारी न्हेली आन जाळली. ही बघा राख."

राख त्याच्या चुलीची होती. कारकुनानं लिहून घेतलं आणि गेला. माझं खोटं भ्यालेलं होतं. त्याचं धीराचं होतं. पण दोन्ही एकाच दोऱ्यात गुंफली गेली आणि गाठ घट्ट बसली.

कारण समोरच्या कट्ट्यावर गोदाक्का दह्याचं मडकं घेऊन बसली होती.

"आत कायतरी असल्याबिगर सरकारी माणूस शिरतोय व्हय?" असं ती पहिल्या दारात म्हणाली. दही घरोघर जायचं, त्याच्या मापाबरोबर गोष्टही गेली. सकाळी एक गादी होती. जेवणापर्यंत चार झाल्या. दिवेलागणीला मसणवट्यातनं गाडी भरून यायला लागली. कुणी म्हणालं, जाळली म्हणतोय, पण जळक्या कापसाचा वास कुणाला आला का? कुणी म्हणालं, दिवाळीला स्वस्तात कापूस येतो कुठनं? दोन दिवसांनी खालच्या आळीत पुन्हा एकाला ताप भरला, आणि त्याच्या उशाला मामानं पिंजलेली उशी होती. असणारच की! गल्लीत दुसरी होती कुणाकडं?

मग बायका उशा उसवून हुंगायला लागल्या. कापसात केस सापडला की ओरडायच्या; स्वतःच्या डोक्याचा केस कुणी ओळखेना. शिरपानं कोपऱ्याची गाठ मला दाखवली. "बघ, आमची गाठ मोठी आसायची. ही बारकी हाय." मला तर ती तेवढीच दिसली. पण त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि मलाही बारीक दिसायला लागली. संशयाचं असं असतं. तो डोळ्यात जातो आणि डोळाच त्याची बाजू घेतो.

माणसं अशा गोष्टी का करतात, याचा मी पुष्कळ विचार केलाय. शिकलेले म्हणतात, अडाणीपणा. मी अडाणी आहे, मला माहीत आहे, ते तेवढंच नाही. उंदराला जाब कोण विचारणार? देवाला विचारायची छाती नाही, सरकारला विचारायची सोय नाही. पिंजाऱ्याचं दार मात्र रस्त्यावरच. आणि दुसरं. गोदाक्काचा नातू पहिल्या साथीत गेला. ज्या गावात ताप होता, तिथनं तिनंच त्याला हौसेनं गाडीत घालून आणलं होतं. हे तिला कधी कुणी बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती. पिंजाऱ्याची गोष्ट सांगायला लागली की तेवढा वेळ ती त्या गाडीतनं खाली उतरायची. शिरपाचा बाप झोपडीत एकटा गेला, शिरपा तेव्हा तालमीत होता. मी एकेक तोंड आठवून बघितलंय. गोष्ट जितक्या चढ्या आवाजात, तितकं सांगणाऱ्याच्या स्वतःच्या कडब्यात काहीतरी दडवलेलं. माझ्या तर खरोखरच्याच कडब्यात होतं, आणि मी गप्प होतो. गप्प बसणाराही गोष्ट सांगतच असतो.

धनत्रयोदशी दोन दिवसांवर आली. मामाच्या दारात एकही गादी नव्हती. ज्यांनी आणल्या होत्या त्यांनी परत नेल्या होत्या, काहींनी त्याच्याच दारात जाळल्या. गल्लीला कमानीचा आवाज नव्हता, आणि माझ्या कानाला ते सोसेना. मी गेलो. मामा कमानीची तात सैल करत बसला होता.

"कमान उतरवली, मामा?"

"वापर नसला की तात ताणून ठेवू न्हाई. तुटती."

"कुठं निघालासा?"

"कुरुंदवाडला. मेव्हणा हाय. शुक्रवारची नमाज झाली की निघायचं."

बुधवार होता. मी खाली मातीत बसलो. "तुमी त्या कारकुनाला तसं का सांगितलंसा?"

मामा हसला. "ती गादी मीच भरलीती न्हवं? लग्नाची. कुठली आई ती जाळाया देईल? मला वाटलं, राख दावली की मिटलं." मग त्यानं मुठा उचलला, हातात फिरवला, खाली ठेवला. "चोर म्हणाली आसती तर बसलो आसतो रं. खुनी म्हणाली आसती तरी बसलो आसतो. मिसळला म्हणत्यात. दस्तगीरनं कापूस मिसळला."

त्याचा आवाज तिथं फाटला. मी मोठमोठे गडी मातीत पडताना बघितले होते. असा आवाज ऐकला नव्हता.

मी उठलो तो थेट तालमीच्या कट्ट्यावर. ऊन कलतं होतं, सगळे बसलेले, गोदाक्काही मडकं टेकवून उभी. मी उभ्यानंच सांगितलं. "पिंजाऱ्याकडं गादी गेलीच न्हाई. गादी आमच्या कडब्यात हाय. मी खोटं बोललो."

मला वाटलं, सुटलो. मग शिरपा म्हणाला, "पर पिंजारी सोता म्हणाला की गादी आलती."

"त्येनं खोटं सांगितलं. आमच्यासाठी."

"घ्या! म्हंजे त्यो खोटारडा हाय हे तूच सांगतोयास!"

कट्टा हसला. मी म्हणालो, चला घरी, दाखवतो. कुणी उठेना. दाखवलेलं बघायची कुणाला इच्छाच नव्हती. गोदाक्का माझ्याजवळ आली, माझ्या डोळ्यांत वाकून बघितलं आणि पदर तोंडाला लावला. "ह्येच्यावर कायतरी टाकलंय त्येनं. पोराचं डोळं बघा की, कसं झाल्यात!"

मी घरी पोचायच्या आधी ते घरी पोचलं होतं. शेजारीण आईला विचारत होती, पैलवानाला लिंबू उतरून टाकलं का? माझा कबुलीजबाबसुद्धा गोष्टीनं गिळला होता.

शेजारीण गेल्यावर मी आईला म्हणालो, "गादी दे. उद्या सगळ्यांम्होरं न्हेतो. तीन गाठी बघतील, मग बोलतील काय?"

आई चुलीत काटकी सारत होती. "तिला अजून सोनाच्या केसांचा वास हाय. शिकेकाईचा."

"आई, मामा चाललाय."

"जाऊ दे. माणसं जात्यात, येत्यात. सोना येती व्हय?"

मी भाकरी न खाता उठलो. तिनं बोलावलं नाही.

पुढचं सगळं इथंच सांगून टाकतो, कारण शेवटाला मला ते नको आहे. गादी तालमीपुढच्या पटांगणात जळाली. त्याआधी तिच्या गाठी सगळ्यांनी चाचपल्या. काहींना पटलं. शिरपा त्याच दिवशी आपली उशी काखेत घालून, कुणाकडं न बघता मामाच्या दारात गेला. काही म्हणाले, ही गादीच दुसरी, पिंजाऱ्यानं नवी शिवून दिली असणार. गोदाक्का मरेपर्यंत तेच म्हणत राहिली. मामा कुरुंदवाडला गेला नाही. हात चालले तोवर, आणखी बरीच वर्षं त्याच कोपऱ्यावर कमान वाजवली, अर्ध्या गल्लीच्या गाद्यांवर. आणि त्या दिवशी, गादीची राख अजून गरम होती तेव्हा, त्यानं तात पुन्हा ताणली आणि शिरपाच्या उशीवर पहिला ठोका मारला. ऊन बरोबर डोक्यावर होतं. बाराचा सुमार. अख्खी गल्ली हातातलं काम टाकून ऐकत उभी होती. नातसुनेच्या गोष्टीत तेवढंच एक खरं शिल्लक राहिलंय, बाकी सगळं गळून गेलं.

जाळायच्या आधी आईनं विळ्यानं एक कोपरा कापून घेतला होता. तो माझ्या ट्रंकेत आहे. त्या सोमवारी घरी आल्यावर मी तो काढला, नातसुनेच्या हातावर ठेवला आणि तिला हे सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकलं. मधे एकदा डोळेही पुसले. तीन गाठींवरनं बोट फिरवलं. म्हणाली, "लई वाईट झालं हो आजोबा." मग कोपरा मला परत दिला, आणि मोरीवर जाऊन साबणानं हात धुतले. दोनदा.

मी तिला रागावलो नाही. वासरासारखी गरीब पोर आहे. पण त्या धुतलेल्या हातांकडं बघून मी ठरवलं की हे लिहून ठेवायचं. माझं कुणी ऐकलं तर ऐकलं. कट्ट्यावर तरी कुणी ऐकलं होतं?

कट्ट्यावरच्या त्या बुधवारनंतर, गुरुवारी सकाळी मी उठलो तर आई अंथरुणात नव्हती. परड्यात गेलो. कडब्याची गंजी एका बाजूनं मोकळी केलेली, पेंढ्या नीट रचून ठेवलेल्या. अंगण सारवलेलं, अजून ओलं. आणि मधे बाजल्यावर सोनाची गादी अंथरलेली, पाहुणा यायचा असावा तशी, वर एक सुरकुती नाही. आई शेजारी उभी राहून कापडात अडकलेली कडब्याची कुसळं एकेक वेचत होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. शेवटचं कुसळ काढलं, तळहातानं गादी एकदा झटकली आणि म्हणाली, "त्यो कोपरा म्होरं धर. दिसला पायजे."

मी गादी डोक्यावर घेतली. हिरव्या दोऱ्याचा कोपरा कपाळावर आला. आमच्या दारापासनं तालमीचं पटांगण उजवीकडं पन्नास पावलं. मी डावीकडं वळलो, लांबच्या वाटेनं, गल्लीतल्या एकेका दारावरनं, आणि पहिलं दार गोदाक्काचं होतं.